आग लागली तर बघू!

मुलं आयटीत, पुण्याला. रो-हाउस रिकामं. त्यात शेजाऱ्यानं नाशिकच्या कॉलेज रोडवरचं भाडं सांगितल्यापासून तुम्हाला झोप नाही. मग वाट कसली बघताय? खाली कॅफे, वर अभ्यासिका, गच्चीवर पत्रा टाकून 'रूफटॉप'. पाच माणसांसाठी बांधलेल्या घरात शंभर माणसं मावतात, हे एकदा कळलं की आर्किटेक्टची फी वाचते.

जिन्याला हात लावू नका. दोन मजली रो-हाउसच्या जिन्याला राष्ट्रीय इमारत संहिता 75 सेंटिमीटर रुंदी चालवून घेते. वर्ग भरवायचे म्हटले की तीच दीड मीटर मागते. संहितेचा हा हावरटपणा आपण का पुरवायचा? एमपीएससीची पोरं बारीक असतात. शिवाय जिन्याखालची जागा मोकळी सोडणं म्हणजे पैसा वाया. तिथे मीटर आहेच. इन्व्हर्टर ठेवा, कॅफेचे पुठ्ठ्याचे खोके ठेवा. पेटलंच, तर जिना धुराड्याचं काम चोख बजावतो आणि ज्वाळा वर पोचायच्या आत धूर पोचतो.

अभ्यासिकेत प्लायचे कप्पे करा, एसी लावा, गार हवा बाहेर जाते म्हणून खिडक्या बंद करून टाका. दाराला अंगठ्याचं कुलूप हवंच, फी थकवणारा आत शिरता कामा नये. वीज गेल्यावर ते उघडतं की तसंच बसतं, असले प्रश्न बसवणाऱ्याला विचारू नयेत, तो दुखावतो.

विजेचं तर फारच सोपं आहे. चार एसी, कॉफी मशीन, ओव्हन, आणि मंजूर भार मात्र घरच्या फ्रिज-मिक्सरचा. भार वाढला की वीज तोडणारा खटका, म्हणजे एमसीबी, सारखा पडेल. वायरमनला सांगून 16 अँपिअरचा काढा, 32 चा बसवा. भिंतीतली वायर तीच, दीड चौरस मिलिमीटरची. आता एमसीबी पडत नाही. वायर तापते, पण ती फॉल्स सीलिंगच्या वर असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही. इंटिरिअर इंटिरिअर म्हणतात ते यालाच.

साइड मार्जिनवर, म्हणजे घराशेजारी मोकळ्या सोडलेल्या बोळात, पत्रा टाकून स्वयंपाकघर करा. सिलेंडर घरचेच लाल, 14.2 किलोचे; धंद्याचे निळे महाग पडतात. मागचं दार त्याच बोळात उघडतं, तेव्हा ते कायमचं लावून टाका. अग्निशमनचा बंब शिंगाडा तलावाहून निघून शरणपूर रोडच्या गर्दीतून येईपर्यंत तसाही आपल्याला वेळ आहे.

कोणी शहाणा सुरतचं काढेल. तक्षशिला आर्केड, मे 2019, वरच्या मजल्यावरची शिकवणी, 22 जीव. 'ते गुजरातेत,' म्हणा. गच्चीवरून तो कमला मिलवर येईल: डिसेंबर 2017, छतावरचं रेस्टॉरंट, 14 जीव. 'ते मुंबईत.' नाशिकची हवा थंड आहे.

तरी अगदीच बेफिकीर राहू नका. आग विझवायचं एक लाल नळकांडं घ्या आणि मेनूच्या फळ्यामागे टांगा, भिंतीचा रंग बिघडायला नको. काटा हिरव्यात आहे का, हे बघायला आपण काय पायलट आहोत? कामावरच्या पोराला पिन ओढायला शिकवू नका, उगाच खेळत बसेल.

राहता राहिला कागद. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं, त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. जागेवर न येता ते देणारा माणूस शोधा. मिळालं की लॅमिनेट करून गल्ल्यामागे, गणपतीच्या शेजारी लावा. भाडेकरारात 'आगीची सर्व जबाबदारी भाडेकरूची' ही ओळ ठळक अक्षरात घाला. मालकालाही धरणारा तो कायदा ती ओळ वाचून वरमेल, असं तुमचा एजंट छातीठोकपणे सांगतो. त्याचं कमिशन एक महिन्याचं भाडं, आणि ते तो आधी घेतो.