नव्या पोरीला एकटीला पाठवू नका

संध्याकाळपासून डोकं सणकलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आमच्याकडे या महिन्यात एक नवी युजर रिसर्चर, म्हणजे सरकारी सेवा वापरताना लोकांना काय अडचणी येतात ते बघणारी, रुजू झालीय. डिझाइन शिकलेली, चुणचुणीत, अकरा महिन्यांच्या करारावर. आज तिला एका तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रावर एकटीला पाठवलं. दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरताना लोक कुठे अडतात ते बघून ये म्हणाले. सोबत पत्र नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, तिथे आधी कुणी फोनही केलेला नाही. ॲडमिशनचे दिवस, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर यांची रांग दाराबाहेर आलेली. हिने वही काढली आणि ऑपरेटरला वाटलं, वरून कुणीतरी चौकशीला आलंय. त्याने ड्रॉवर लोटला आणि ‘सगळं व्यवस्थित आहे मॅडम’ यापलीकडे तोंड उघडलं नाही. रांगेतल्यांचा वेगळाच समज झाला, काम करून देणारी बाई हीच. एका आजींनी कागदांची पिशवीच तिच्या हातात ठेवली, ‘बाई, एवढं बघा ना.’ पोरगी पिशवी धरून उभी. घ्यावी तरी पंचाईत, परत द्यावी तरी पंचाईत.

ती ऑफिसात परत आली तेव्हा तिला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला गेला: ‘किती सॅम्पल झाले?’ म्हणजे किती माणसांची नोंद झाली.

पाणी पी, बस, कसं वाटलं, काही नाही. सॅम्पल किती.

मी या कामात आले तेव्हा मला एक मॅडम लाभल्या होत्या. आता निवृत्त आहेत, नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पहिल्यांदा त्या मला भोरच्या पलीकडच्या एका गावात घेऊन गेल्या. स्वारगेटहून एसटी, पुढे वडाप. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या एक मावशी होत्या. मशीनवर अंगठा उमटत नव्हता. त्या अंगठा पदराला पुसायच्या, पुन्हा टेकवायच्या, पुन्हा लाल दिवा. आयुष्यभर खुरपणी केलेला हात, रेषा उरल्यात कुठे? मॅडमनी पेन पर्समध्ये ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन एकच विचारलं, ‘आज किती मजुरी बुडाली?’ मावशी बोलायला लागल्या त्या थांबेचनात. मी नुसती शेजारी बसले होते. मला बोलायचंच नाही असं आधी ठरलेलं.

नवीन माणसाला हेच द्यायचं असतं हो! शेजारी बसायची मुभा.

आमच्याकडे काय देतात? पहिल्या दिवशी प्रेझेंटेशन, शासन निर्णयांनी भरलेला पेन ड्राइव्ह आणि ‘लॉगिन येईल’ असं आश्वासन. शहरात वाढलेल्या मुलीला सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, एकात जमीन कुणाची आणि दुसऱ्यात पीक कोणतं, हे कुणी सांगायचं? लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला, अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाही दिली तर आधी दोन अपिलं आणि मग आयोग, एवढं माहीत नसताना ती लोकांना ‘किती दिवस लागले’ विचारून काय करणार? आलेल्या उत्तराला मोजायची पट्टीच तिच्याकडे नाही.

आणि लोकांशी बोलण्याआधी त्यांची सही घ्यायचा तो संमतीचा फॉर्म! याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. सरकारी कचेरीत समोर कागद आला की लोक सही करतात. नाही म्हटलं तर आपलं काम अडेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आता 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदाही संमती मोकळेपणाने दिलेली हवी म्हणतो. ती सहीने येत नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं काम थांबणार नाही’ हे वाक्य आधी तोंडाने म्हणावं लागतं, तेही त्या माणसाच्या हातात पावती पडल्यावर, काउंटरपासून लांब, बाहेर चहाच्या टपरीशी. ऑपरेटरच्या पुढ्यात कोण खरं बोलेल? शिवाय ‘बघते’ म्हणायचं नाही. मॅडमनी मला हे एसटीतच बजावलं होतं. आपण बघते म्हणतो आणि ते माणूस महिनाभर वाट बघत बसतं. त्यापेक्षा कोणत्या टेबलाला जायचं, अपील कुणाकडे करायचं, ते नीट सांगायचं. आज त्या पोरीला हे ठाऊक असतं तर पिशवी हातात आल्यावर ती अशी गोठली नसती.

माणसं कमी आहेत, मान्य. मुदती वरून येतात, तेही मान्य.

पण ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं? पाण्यात पडलं की पोहता येतं’ हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या गावच्या विहिरीत पोरांना ढकलायचे तेव्हासुद्धा पाठीला डबा बांधलेला असायचा आणि काठावर काका उभा असायचा.

थोडी शांत झाले. टीम लीडवर मी ओरडणार होते, पण त्यालाही कुणी कधी सोबत नेलेलं नाही. तो थेट एक्सेल शीटमध्येच जन्मला आणि वर आकडेच मागतात. ब्रिटनमध्ये 2011 साली सरकारी डिजिटल सेवांसाठी एक खास विभाग झाला. त्यांच्या मार्गदर्शिकेत टीममधल्या प्रत्येकाने, म्हणजे प्रोग्रॅमर आणि मॅनेजरनेसुद्धा, दर सहा आठवड्यांत निदान दोन तास रिसर्चला बसावं असं सांगितलंय. आपले साहेब दोन तास रांगेशेजारी बसले तर ‘सॅम्पल’ हा शब्द त्यांच्याच तोंडून गळून पडेल.

त्या दिवशी परतताना भोरच्या स्टँडवर चहा घेताना मॅडम म्हणाल्या होत्या, ‘काय ऐकलंस ते राहू दे, काय बघितलंस ते सांग.’ मी अंगठ्याचं सांगितलं आणि मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून झोप लागली का विचारलं. लोकांची दुःखं ऐकून येणाऱ्या माणसालाही कुणीतरी ऐकावं लागतं, नाहीतर वर्षभरात तो एक तर नोकरी सोडतो नाहीतर निबर होतो. निबर झालेला जास्त वाईट, कारण तो तिथेच राहतो आणि पुढच्या पोरांना घडवतो.

सोमवारी मी तिच्याबरोबर त्याच केंद्रावर जातेय. जावक क्रमांक पडलेलं पत्र आजच साहेबांकडून सही करून घेतलंय. आधी ऑपरेटरशी बोलू, बिचारा तोही ठेकेदाराकडचाच आहे आणि रिपोर्टमुळे त्याला मेमो मिळता कामा नये.

आता तुमच्याकडे एक मागणं. कुणाचे आईवडील, काका, मावशी महसूल खात्यातून निवृत्त झालेत का? अव्वल कारकून असतील तर फारच उत्तम. शनिवारी दोन तास आमच्या नव्या मुलांना फाइल कोणत्या टेबलावरून कुठे जाते आणि कुठे अडते एवढंच सांगायला येतील का? येण्याजाण्याची रिक्षा आणि चहानाश्ता माझ्याकडे. इनबॉक्स करा.