सोडा ब्रेडविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयरिश सोडा ब्रेडच्या माझ्या कृतीवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: ब्रेडला साबणासारखी चव येऊन आत पिवळे डाग पडले, लोणी, अंडी, साखर आणि बेदाणे नसल्यामुळे कृती अपुरी वाटते, आणि वर फुलीसारखी चीर देणे हा केवळ धार्मिक उपचार आहे. पहिल्या आक्षेपात चूक माझी आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

मी ‘400 मिली ताक’ एवढेच लिहिले होते. इथे आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये मी वापरते ते बटरमिल्क दाट आणि चांगले आंबट असते. आपल्याकडे जेवताना प्यायच्या ताकात बरेच पाणी असते, हे लिहिताना माझ्या ध्यानात राहिले नाही. या ब्रेडमध्ये यीस्ट नसते. ताकातले लॅक्टिक आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आल्यावर जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच पीठ फुगवतो. आम्ल कमी पडले, तर उरलेला सोडा ओव्हनच्या उष्णतेने सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा बनतो, आणि आपल्याला लागलेली चव त्याचीच असणार. यापुढे 250 ग्रॅम आंबट दही 150 मिली पाण्यात घुसळून घ्यावे. 450 ग्रॅम पिठाला (मी निम्मा मैदा, निम्मी कणीक घेते) सोडा आणि मीठ प्रत्येकी एकच चहाचा चमचा, तोही सपाट. डाग पडतात ते सोड्याच्या गुठळ्यांमुळे. सोडा तळहातावर चुरडून पिठाबरोबर चाळला की ते पडत नाहीत.

भिजवलेले पीठ आपण अर्धा तास झाकून ठेवलेत, असेही आपण लिहिले आहे. यीस्टच्या ब्रेडची ती रीत इथे मारक ठरते, कारण ताक पडताक्षणी वायू सुटू लागतो. ओव्हन 230 अंशांवर तापल्यावरच पिठात ताक घालावे, बोटे फाकवून एकाच हाताने परातीत गोल फिरवावीत, आणि गोळा थालिपिठाच्या पिठासारखा सैल, किंचित चिकट असतानाच थांबावे. कणकेसारखा मळला, तर ब्रेड चिवट होतो.

दुसरा आक्षेप मला मान्य नाही. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, कमी ग्लुटेनचा (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचा) असतो आणि यीस्टने तो फारसा फुगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा इथे मिळू लागला, तेव्हा लोणी काढल्यावर उरलेले ताक घरात होतेच. ज्या घरांत भट्टी नव्हती, तिथे ‘बॅस्टिबल’ नावाच्या लोखंडी भांड्यात गोळा ठेवून, झाकणावर पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाचे) निखारे पसरून ब्रेड भाजत असत. पीठ, सोडा, मीठ, ताक या चारच जिनसांवर ही रोजची भाकरी उभी राहिली. बेदाण्यांचा गोड प्रकार आयर्लंडमध्येही होतो, त्याला ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात. अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या घरांत तर अंडी, लोणी आणि शहाजिरेही पडते. तो प्रकार आपण जरूर करावा, परंतु त्याच्या मापाने या ब्रेडला अपुरा म्हणू नये, कारण हा ब्रेड सूपबरोबर किंवा खारट लोणी लावून खाण्यासाठी आहे.

फुलीला आशीर्वादाची खूण मानणारे आहेत, हे खरे. मात्र जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचावी आणि भाजल्यावर सहज चार तुकडे मोडता यावेत, हेही तिचे काम आहे. म्हणून चीर खोल द्यावी. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, तव्यावर भाजायच्या ब्रेडचे चार भाग आधीच कापतात आणि त्यांना ‘फार्ल’ म्हणतात.

पंधरा मिनिटांनी आच 200 अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजावे. मग ब्रेड उलटा करून तळाशी बोटाने टकटक करावी. आवाज पोकळ आला तर तो झाला, दबका आला तर उलटाच आणखी पाच मिनिटे आत ठेवावा. कवच कडक नको असेल, तर गरम असतानाच स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावा, आणि शक्यतो त्याच दिवशी संपवावा.