दुपारी दोनला बघायचा पाऊस

गुढीपाडवा झाला की कोल्हापुरात रोज सकाळी एकच प्रश्न: "आज पडतोय काय?" मोबाईल उघडला की ढगातून वीज चमकतेय असं चित्र आणि त्याखाली ४० टक्के. संध्याकाळी उचगावात पोरं गारा वेचत असतात आणि फुलेवाडीत साधी धूळसुद्धा बसलेली नसते. मग ठरलेलं वाक्य येतं, हवामान खात्याचं काय खरं नाही.

मला हे पटत नाही. वळवाच्या बाबतीत अंदाज चुकतो त्यापेक्षा तो वाचणारा जास्त चुकतो. जूनच्या पावसाला विचारायचा प्रश्न आपण एप्रिलच्या पावसाला विचारतो.

वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि त्याचं आयुष्य पाऊण-एक तासाचं. संगणकावरचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. आपल्याकडं बरीच वर्षं हा चौकोन १२ किलोमीटरचा होता, मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आल्यावर तो ६ किलोमीटरचा झाला. म्हणजे अख्खा वळीव एका-दोन चौकोनांत मावतो. सकाळी सहाला बसून तो कसबा बावड्यावर पडेल की कळंब्यावर, हे विचारणं म्हणजे गुऱ्हाळाच्या काहिलीत उसाचा रस तापत ठेवून पहिली उकळी कुठल्या कडेला फुटणार असं गुळव्याला विचारणं. उकळी येणार आणि साधारण कधी येणार, एवढं तो सांगेल. कडेचं कुणीच सांगू शकत नाही.

खातंही नेमकं तेवढंच सांगत असतं, पण शब्दांत, आणि ते शब्द आपण गिळून टाकतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव पाऊस-मोजणी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५, आणि त्यापुढं 'बहुतांश ठिकाणी'. तेव्हा तुरळक म्हटलं आणि तुमच्या गावात पडला नाही, तर अंदाज बरोबर आला असं समजा. शंभरातली निदान पंचाहत्तर गावं कोरडी राहणार हे त्या एका शब्दातच सांगितलेलं होतं. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पिवळ्याचा अर्थ 'थोडा पाऊस' असा नाही.

आता वळवाला काय काय लागतं ते बघू. तापलेली जमीन, हवेत ओल, आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी. यातलं पहिलं आपल्याकडं एप्रिलात रोजच हजर असतं. ३७ काय आणि ३९ काय, ढग उभा करायला दोन्ही पुरेत. तरी सगळ्यांचे डोळे पाऱ्यावर. पारा आज किती चढला यावरून वळवाचं जवळजवळ काहीच कळत नाही. कळतं ते ओलीवरून.

आणि ओल बघताना टक्केवारी फसवते. सकाळी २४ अंशाला आर्द्रता ८० टक्के आणि दुपारी ३७ अंशाला ३८ टक्के, हे आकडे बघून लोक म्हणतात हवा कोरडी झाली. हवेतली वाफ तेवढीच आहे, फक्त तापलेल्या हवेची वाफ धरायची ताकद वाढली. म्हणून बघायचा आकडा दवबिंदूचा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो. वरच्या दोन्ही वेळी तो साधारण २० अंशच येतो. बहुतेक ॲपमध्ये 'ड्यू पॉइंट' म्हणून तो खाली कुठंतरी कोपऱ्यात लपवलेला असतो.

ॲपवर विसंबायचं नसेल तर घरी मोजता येतं. भिंतीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही शेजारी ठेवून सारखंच दाखवतात का बघा, फरक असला तर लिहून ठेवा. मग एकाच्या फुग्याला पातळ मलमलीची पट्टी गुंडाळा आणि तिचं टोक खालच्या वाटीतल्या पाण्यात सोडा. पाणी बोअरचं नको. त्याचे क्षार पट्टीवर बसतात आणि आठवड्यात ती पाणी ओढायची बंद होते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम. दोन्ही सावलीत टांगा, पत्र्याखाली अजिबात नको, आणि पाच मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घालून मग वाचा. दुपारी एक-दोनच्या सुमारास, ३७-३८ अंशांत, दोघांतला फरक १५ किंवा जास्त असेल तर दवबिंदू १४ च्या आसपास, म्हणजे हवा सुकी. फरक ११-१२ वर आला तर दवबिंदू २० कडं गेला, हवा भरलेली. एक लक्षात ठेवा: पट्टी सुकली, मळली किंवा वारा घातला नाही, तर फरक कमीच दिसतो. म्हणजे ही सगळी चूक 'पाऊस येणार' याच बाजूची. आशा लावणारं यंत्र आहे, जरा जपून.

दवबिंदूचा उपयोग आणखी एका ठिकाणी. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरा, ढगाचा तळ मिळतो. ३८ आणि १४ असेल तर तळ ३ किलोमीटरवर. तिथून निघालेला थेंब खालच्या सुक्या हवेतच विरतो. आभाळातून करड्या झिरझिरीत पडद्यासारखं काहीतरी लोंबताना दिसतं पण जमिनीला टेकत नाही, ते हेच. पाऊस नाही म्हणून लोक निवांत होतात, आणि फसतात इथंच. थेंब विरताना भोवतालची हवा गार आणि जड होते, ती खाली आपटते आणि आडवी पसरते. धुळीचे लोट, पडलेली झाडं, उडालेले फ्लेक्स यातलं बरंचसं अशा कोरड्या वळवाचं काम. ३७ आणि २० असेल तर तळ दोन किलोमीटरच्या थोडा वर, मग खरा पाऊस.

ही ओल एका दिवसात येते-जाते कशी? परदेशी ॲपच्या नादानं हल्ली 'कोल्ड फ्रंट' (पुढं सरकणाऱ्या गार हवेची आघाडी) हा शब्द इथंही वापरतात. युरोपातला तसला फ्रंट उन्हाळ्यात कोल्हापुरावर येत नाही. आपल्याकडं असते ती खंडित वाऱ्यांची रेषा. विदर्भ-मराठवाड्याकडून कर्नाटकाच्या आतल्या भागातून दक्षिणेकडं गेलेली, समुद्रसपाटीपासून नऊशेएक मीटर उंचीवर. तिच्या पश्चिमेला वायव्येचे सुके वारे, पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेले आग्नेयेचे ओले. ही रेषा पूर्व-पश्चिम सरकत असते. ती सोलापूरच्या पलीकडं असली की आपण सुक्या बाजूला, ओठ फुटतात, रात्री जरा बरं वाटतं. ती पश्चिमेला सरकली की रात्रीचं गदगदायला लागतं आणि सकाळी उठल्या उठल्या घाम. खात्याच्या रोजच्या पत्रकात ही रेषा कुठून कुठं जाते ते एका ओळीत लिहिलेलं असतं. तापमानाचा तक्ता सोडा, ती ओळ वाचा. तीही नाही मिळाली तर सकाळी अकराच्या सुमारास वीटभट्टीचा धूर कुठल्या बाजूला कलतो ते बघा. वायव्येकडं कलला तर वारा आग्नेयेचा, म्हणजे ओला.

दुसरा वारा कोकणातला. किनारा सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. दुपारी समुद्रावरून निघालेली गार, ओली हवा घाट चढून संध्याकाळी आपल्याकडं पोचते, रंकाळ्यावर फिरणाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. पूर्वेची ओली हवा आणि ही पश्चिमेची झुळूक जिथं एकमेकींना भिडतात तिथं हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. वळवाची वेळ बहुधा तीन ते आठच्या मधली असते, त्यात या भिडण्याचा मोठा वाटा.

तरी सगळं जुळूनही कित्येक दिवस नुसतं उकडतं आणि काही होत नाही. कारण दोन-तीन किलोमीटरवर गरम सुक्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. झाकण घट्ट असेल तर अकराला उगवलेले कापसाचे पुंजके एकपर्यंत विरून जातात. झाकण फुटणार असेल तर दोनच्या सुमारास एखाद्या ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कडक, ठसठशीत दिसायला लागतो. कडा धारदार असेपर्यंत तो वाढतोय. कडा पिंजल्यासारख्या झाल्या आणि माथा ऐरणीसारखा पसरला, की तो पूर्ण उभा राहिला. आणखी एक खूण सकाळची. सात-आठ वाजता उंचावर पन्हाळ्याच्या तटबंदीसारखी बुरुजा-बुरुजांची बारीक ढगांची रांग दिसली तर वरची हवा अस्थिर आहे, दुपारी डोळा ठेवा. उलट दुपारी उंचावर पातळ पांढरी चादर आली तर ऊन अडतं आणि बऱ्याचदा वळीवही मावळतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आदल्या रात्री तयारी आणि दुपारी दोननंतर निर्णय. खात्याचा 'नाऊकास्ट' पुढच्या तीन तासांपुरता असतो आणि वळवासाठी कामाचा अंदाज तोच. इन्सॅट उपग्रहाचं चित्र अर्ध्या-अर्ध्या तासानं बदलतं, त्यात पांढरा ठिपका वाढतोय का आणि कुठल्या बाजूला सरकतोय एवढंच बघा. गोव्याचं रडार उपयोगी, पण ते आपल्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर. एवढ्या अंतरावर त्याचा सर्वांत खालचा किरणही दोन-अडीच किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळं ढगाचं डोकं दिसतं, पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात पडलेल्या विजा दाखवतं. शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनात ते असावं, यावर मी वाद घालणार नाही. 'अमुक तारखेला गारपीट' असले पंधरा दिवस आधीचे व्हॉट्सॲप संदेश मात्र खुशाल खोडा. आणि तीस मिलिमीटर पडला की 'ढगफुटी' लिहिणंही थांबवा. तासाला शंभर मिलिमीटर, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरवर, याला ढगफुटी म्हणतात.

विजेचं गणित सोपं आहे. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. पाऊस सुरू झालेला नसला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही, मोटरीच्या पेटीला हात नाही. रात्रीची लाईट आहे म्हणून पाणी धरायला अनवाणी जाणारे सर्वांत धोक्यात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हा विषय आणखी गंभीर. उघडा डोंगर, लाखोंची गर्दी आणि आभाळात घुसलेल्या सासनकाठ्या. वाऱ्याची पहिली गार झुळूक लागली की काठी आडवी करायची, एवढा नियम तरी कडक हवा.

पत्र्यांचं सांगतो. ५० ते ६० किलोमीटर वेगाचा झोत दहा बाय दहा फुटी शेडवर शंभर ते दीडशे किलोचा जोर लावतो, आणि त्या पत्र्यांचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. वर ठेवलेले चार दगड म्हणजे मनाचं समाधान, शिवाय उडाले की तेच डोक्यात. हुक कडेच्या ओळीत दुप्पट लावा, पत्रा नेहमी कडेनंच उचकटतो.

कच्च्या विटा, कडब्याची गंजी, गच्चीवरची मिरची आणि कुरडया दोननंतर झाकायच्या, ताडपत्रीची दोरी सकाळीच बांधून ठेवायची. फवारणी सकाळी लवकर, म्हणजे औषधाला चार-सहा तास मिळतात.

पडलेला पाऊस मोजा मात्र. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरते. १० मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला हजार लिटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण उसाच्या पाण्याची एक पाळी ७०-८० मिलिमीटरची असते. आभाळ गडगडलं म्हणून पाळी चुकवणारे आठ दिवसांनी ऊस पिवळा का पडला विचारतात.

पश्चिम भागात, राधानगरी-शाहूवाडीकडं, भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या धुळीतच पेरणी, करणाऱ्यांना तर हा आकडा पाठच पाहिजे. कोरड्या जमिनीत दहा मिलिमीटरची ओल चार-पाच सेंटीमीटरच उतरते, म्हणजे बियाण्यापर्यंत जेमतेम. बी फुगतं, कोंब काढतं आणि पुढं आठ दिवस ऊन पडलं की मरतं. एकदम धो-धो आला तर वरची माती पापुद्रा धरते आणि कोंबाला तो फोडता येत नाही. २०२५ ला तिसराच प्रकार झाला. मे महिनाभर पाऊस, २४ मेला मॉन्सून केरळात, २६ला मुंबईत, आणि धूळवाफेला लागणारी धूळच कित्येक शेतांत मिळाली नाही. तेव्हा रोहिणी लागायच्या आधी बियाणं रानात न्यायचं असेल तर दवबिंदू सलग तीन-चार दिवस २० च्या वर आहे का ते बघा. असेल तर २०२५ सारखी धूळ न मिळण्याची शक्यता धरून थोडं बियाणं मागं ठेवा, रोपवाटिकेसाठी.