हिरवळीवर पाय ठेवू नये

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असे मला बऱ्याच जणांनी सुचवले होते. तो छंद लॉनचा असावा, असे मात्र कोणीही सुचवले नव्हते, त्यामुळे पुढे जे घडले त्याची जबाबदारी सर्वस्वी माझ्यावर येते. पुण्याच्या एका उपनगरात आमचे बैठे घर आहे आणि घरापुढे सुमारे ६०० चौरस फूट मोकळी जागा आहे. सौभाग्यवतींना तिथे मेथी, कोथिंबीर आणि दोडक्याचा मांडव हवा होता. मी ३१ वर्षे बँकेत बसून लोकांची उत्पादक कर्जे तपासली असल्याने, आपल्या मालकीची एखादी तरी गोष्ट संपूर्णपणे अनुत्पादक असावी, अशी सुप्त इच्छा बाळगून होतो. अखेर माझी इच्छा फळाला आली आणि दोडका हरला.

फेब्रुवारीत माळीकाकांनी ट्रॉलीभर शेणखत पसरले आणि त्यावर हिरवळीचे चौकोनी तुकडे फरश्या बसवाव्यात तसे बसवून दिले. सकाळ-संध्याकाळ पाइप हातात धरून मी त्यांना इतक्या निष्ठेने पाणी पाजले, की मे अखेरीस ते गवत पाहायला रस्त्याने जाणारी माणसे थांबू लागली. मग मी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून रोवली : ‘कृपया हिरवळीवर पाय ठेवू नये’. नातवाचा चेंडू आत गेला, तर तो काढण्यासाठी बांबूच्या टोकाला तारेचा आकडा बांधून ठेवला होता. चेंडू काढताना तो आकडा गवताला लागू नये म्हणून मी नातवाला जी प्रात्यक्षिके दिली, त्यांनंतर त्याने क्रिकेट सोडून कॅरम खेळायला सुरुवात केली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेमका त्या पाटीच्या पायाशी ताटलीएवढा पिवळा डाग दिसू लागला. शेजारचे नाना म्हणाले, “युरिया कमी पडतोय.” मी मूठभर टाकला. ताटलीची परात झाली. रोपवाटिकेतील तरुणाने मी नेलेली चार पाती डोळ्यांजवळ धरून बुरशीचे निदान केले आणि बुरशीनाशकाची बाटली माझ्या हातात ठेवली. मी संपूर्ण हिरवळीला त्या औषधाने न्हाऊ घातले. परातीची सतरंजी झाली. त्यानंतर आलेल्या दोघांपैकी एकाने पाणी जास्त होत असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने कमी, त्यामुळे मी पाणी पूर्वीइतकेच ठेवले.

याच सुमारास अंगणात पाहुण्यांची वर्दळ वाढली. साळुंक्या जोडीजोडीने येत, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या मान हलवत पिवळ्या भागावरून फिरत आणि मधूनच चोच खुपसून काहीतरी गिळत. रात्री घूस येऊन खड्डे करून जाई. भारद्वाजाचे दर्शन आपल्याकडे शुभशकुन मानतात. तो आमच्या लॉनवर सलग आठ दिवस दिसला, तेव्हा मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसाचे काम आता नक्की होणार, असे सौभाग्यवतींनी जाहीर केले. व्हिसा खरोखरच झाला, हे मला कबूल करावे लागेल. परंतु भारद्वाज त्यासाठी येत नव्हता.

खरा उलगडा झाला तो गणपतीच्या दिवशी. सासूबाई वाळवा तालुक्यातून दोन दिवस आधीच आल्या होत्या. सकाळी त्या दूर्वा आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि त्यांनी पाटीकडे ढुंकूनही न पाहता सरळ हिरवळीवर पाय ठेवला. मी हातातला मोदकाचा साचा टाकून बाहेर धावलो. त्या वाकून गवत न्याहाळत होत्या.

“जावईबापू, ही हरळी हाय न्हवं?”

मी हे दाट वाणाचे खास लॉन असल्याचे सांगून त्याचा चौरस फुटाचा भावही सांगितला. तो ऐकून त्या पायरीवरच बसल्या. “हरळी इकत घेतली? आमच्या रानात बाया रोजानं लावून काढतोय की ही!”

शेतकऱ्याच्या सात पिढ्यांनी जिच्यापुढे हात टेकले, ती हरळी मी पैसे मोजून घरात आणली होती आणि तिच्याभोवती कुंपण घातले होते, ही बातमी त्यांनी त्याच दिवशी फोनवरून गावी पोहोचवली. मात्र त्याआधी त्यांनी दूर्वांची जुडी खुडण्यासाठी पिवळ्या भागाच्या कडेचे गवत हलकेच ओढले. हरळी ओढली, तर एरवी माणसाचे बोट कापेल, पण ती सुटणार नाही. इथे मात्र हातभर रुंदीचा तुकडा गालिच्याची कड उचलावी तसा अलगद वर आला. त्याला खाली मुळे नव्हतीच.

मुळांच्या जागी जे होते ते मी प्रथमच जवळून पाहिले. भुसभुशीत मातीत, ज्याने त्याने आपापला खळगा करून, करंगळीएवढ्या जाडीच्या दुधी रंगाच्या अळ्या चंद्रकोरीसारख्या वळून पडल्या होत्या. तोंड तांबूस, चकचकीत आणि कठीण. पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या. मागचे टोक करडे आणि इतके पारदर्शक, की आत गेलेली माझ्या अंगणाची माती बाहेरून दिसत होती. उजेड लागताच त्यांतील एकीने अंग आणखी आवळून घेतले, जणू मीच तिच्या शयनगृहात न विचारता शिरलो होतो.

“हुमणी,” सासूबाई म्हणाल्या आणि दूर्वांसाठी शेजाऱ्यांकडे गेल्या.

वाळव्याकडच्या ऊसवाल्यांना हुमणी हा शब्द नुसता उच्चारला तरी घाम फुटतो. माझे मेहुणे तर त्या विषयावर रात्रभर बोलू शकतात आणि त्या रात्री ते जवळजवळ तसेच बोलले. त्यांच्याकडून कळलेली हकिगत अशी, की हुमणी ही तपकिरी भुंगेऱ्याची अळी. वर्षाला तिची एकच पिढी होते. वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला, की त्याच संध्याकाळी दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंबावर किंवा बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांची लग्ने लागतात आणि रात्र सरण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारणपणे ५० ते ६० अंडी घालते. अळ्या आधी बारीक मुळे खातात, मोठ्या झाल्या की दिसेल ते मूळ खातात, हिवाळ्याच्या तोंडाशी कोशात जातात आणि नवे भुंगेरे पुढच्या वळवाची वाट पाहत जमिनीतच बसून राहतात. मी सगळा दोष शेणखतावर टाकू पाहिला. परंतु खताच्या खड्ड्यातल्या त्या मोठमोठ्या अळ्या बहुधा नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याच्या असतात, असे सांगून मेहुण्यांनी माझा बचावही काढून घेतला.

मग मला जूनमधील ती संध्याकाळ आठवली. पाऊस नुकताच थांबला होता, मातीचा वास सुटला होता, मी ओसरीत चहा घेत बसलो होतो आणि अंगणातल्या कडुनिंबाभोवती भुंग्यांचा मंद गुंजारव चालला होता. मी सौभाग्यवतींना मुद्दाम बाहेर बोलावून “ऐक, निसर्ग कसा गातो आहे,” असे म्हटले होते. ओसरीतला दिवाही मीच लावून ठेवला होता. थोडक्यात, वऱ्हाड माझ्याच दारी उतरले होते आणि मांडवाला रोषणाई माझी होती.

दुसऱ्या दिवशी नाना आपल्या माळ्यावरून ‘फोरेट’ या कीटकनाशकाचा जुना डबा शोधायला निघाले. त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे आणि नातू इथेच खेळतो, हे सांगितल्यावर ते नाराजीने माळ्यावरून उतरले. मेहुण्यांनी मेटारायझियम नावाच्या बुरशीची शिफारस केली. ही बुरशी ओल्या मातीत अळीच्या कातडीतून आत शिरते, अळी कडक होऊन मरते आणि तिच्यावर हिरवट भुकटी चढते. इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर तिचा अभ्यास केला होता. पुढे १९०८ मध्ये त्याला रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. माणसाने भुंगेऱ्यांपासून सुरुवात करून नोबेलपर्यंत जावे, हे वाचून मला उभारी आली. मी बुरशीची पिशवी आणली, कुजलेल्या खतात कालवली, सावलीत ठेवली आणि मोठ्या आनंदाने मेहुण्यांना फोन केला.

“दाजी, मधे कसलं औषध मारलं नव्हतं ना?” त्यांनी विचारले.

बुरशीनाशकाच्या बाटलीवर अक्षरे ठळक होती. त्यांचा अर्थ मला आत्ता कळला. ज्या मातीत मी उपकारी बुरशी पाहुणी म्हणून बोलावत होतो, तिथे मी आधीच बुरशीमात्राला मज्जाव करून ठेवला होता. ती पिशवी काही आठवडे थांबवावी लागली आणि तोवर हाताने वेचण्यावाचून उपाय राहिला नाही.

वेचण्याचे काम मी अत्यंत पद्धतशीरपणे सुरू केले आणि तिथेच फसलो. कुंड्यांतल्या खतात सापडलेल्या काही अळ्या हुबेहूब हुमणीसारख्याच दिसत होत्या. परंतु फुलभुंगेऱ्यांच्या अळ्या कुजलेला पालापाचोळा खातात, मुळांच्या वाटेला जात नाहीत आणि विशेष म्हणजे त्या पाठीवर उताण्या पडून सरपटतात, असे समजले. हुमणी पालथी चालते. त्यामुळे दोन दिवस मी ओसरीच्या गुळगुळीत फरशीवर एकेक अळी ठेवून ती कोणत्या अंगाने चालते याचा निवाडा करीत बसलो. पाय आभाळाकडे करून, पाठीच्या लाटांवर शांतपणे पुढे जाणारी अळी पाहून मला इतके समाधान वाटे, की मी तिला हलकेच परत कुंडीत सोडीत असे. कुरिअरवाला सही घेण्यासाठी गेटपाशी थांबला होता आणि मी फरशीवर पालथा पडून “अगं, जरा उलटी हो बघू,” असे म्हणत होतो. तेव्हापासून तो पाकीट गेटवरूनच आत टाकतो.

पालथ्या निघालेल्यांची संख्या पहिल्या रविवारी ३१२ भरली. त्यांना साबणाच्या पाण्यात टाकायचे होते, पण कावळ्यांनी बादलीच उलथवली आणि माझा हिशेब कधीच जुळला नाही. पाऊस सरेपर्यंत सगळी हिरवळ मी स्वतः कुदळीने उकरली होती. पाटी मातीच्या ढिगावर तिरकी उभी होती आणि माती आयतीच भुसभुशीत झाली आहे म्हणून सौभाग्यवतींनी अर्ध्या भागात मेथी पेरली. उरलेल्या अर्ध्यात गवताची चौकट वाचली. तिच्यात बुरशीचे खत मी शेवटी मिसळलेच.

पुढच्या वर्षी वळीव आला तो आठवड्यातल्या मधल्याच वारी. सव्वासातला आम्ही सर्वजण कडुनिंबाखाली जुन्या चादरी अंथरून, बांबूला तोच तारेचा आकडा लावून सज्ज होतो. फांद्या हलवल्या, की भुंगेरे गारांसारखे टपटप पडत. नातू ते साबणाच्या बादलीत टाकी आणि मोठ्याने मोजी. ओसरीतले दिवे मी घालवले होते. कोपऱ्यात पाण्याच्या घमेल्यावर एकच बल्ब लावला होता आणि इतर गरीब किडे बळी पडू नयेत म्हणून तो नऊ वाजता बंद केला. तेवढ्यात पूर्ण कॉलनीतले भुंगेरे आमच्याकडे जेवायला आले, अशी नानांची तक्रार नव्हती. ती माझी होती.

यंदा गणपतीच्या आरतीला मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होता. आरती झाल्यावर त्याने भाड्याच्या घरासमोरचे लॉन कौतुकाने दाखवले. अमेरिकेत जपानी भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो १९१६ मध्ये, त्याच न्यू जर्सीतल्या रिव्हर्टनजवळच्या रोपवाटिकेत, आणि त्याचीही अळी लॉनचीच मुळे खाते, ही माहिती मी त्याला सांगणार होतो. पण सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. तो म्हणाला, कडेला थोडे पिवळे पडले आहे, शेजारी म्हणतात खत कमी पडतेय.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नातवाला म्हणाल्या, “बाळा, जरा ओढून बघ.”