सिंगापूरच्या तोफांवर हसण्याआधी

आज ऑफिसात दिवसभराचं ट्रेनिंग होतं. जेवणानंतरच्या सेशनला ट्रेनरने एका मोठ्या तोफेची स्लाइड लावली आणि म्हणाला, इंग्रजांनी सिंगापूरच्या सगळ्या तोफा समुद्राकडे रोखून ठेवल्या, 1942 ला जपानी आले मागून जमिनीवरनं, आणि तोफा काही वळेनात, तर बघा प्लॅनिंग चुकलं की काय होतं. अख्खी रूम हसली. माझं डोकंच फिरलं. तिथं बोलले नाही, पण आता मुलं झोपलीत आणि मला झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

तोफा वळत होत्या!

तिथं किनाऱ्यावर 15 इंची (म्हणजे नळीचं तोंड 15 इंच रुंद) 5 तोफा होत्या, 9.2 इंची 6, आणि 6 इंची त्याहून जास्त. बहुतेक सगळ्या रॉयल आर्टिलरीच्या, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याच्या, 7 व्या आणि 9 व्या कोस्ट रेजिमेंटकडे. 9 वी पूर्वेला चांगीच्या बाजूला, 7 वी दक्षिणेला, ब्लाकांग माटी बेटाकडे, म्हणजे आपण युनिव्हर्सल स्टुडिओ बघायला जातो ते आजचं सेंटोसा. चांगीच्या जोहोर बॅटरीत, म्हणजे तिथल्या तोफांच्या ठाण्यात, 15 इंचीच्या 3 तोफा होत्या, त्यातल्या 2 पूर्ण गोल फिरायच्या, आणि त्या फिरवल्यासुद्धा, बेटाच्या आत टेंगा आणि बुकित तिमाच्या दिशेला गोळे टाकले. ब्लाकांग माटीवरच्या कॉनॉट बॅटरीनेही जमिनीकडे मारा केला. हो, 15 इंचीच्या बाकी 3 उत्तरेकडे वळत नव्हत्या, मान्य. पण म्हणून सगळ्याच तोफा समुद्राकडे तोंड करून ढिम्म बसल्या होत्या, असं कसं सांगता?

माझे बाबा तोफखान्यात होते, देवळालीला बरीच वर्षं काढली, हवालदार म्हणून रिटायर झाले. बहिणीकडे सिंगापूरला गेलो तेव्हा त्यांना मॉलबिल काही नको होतं, जोहोर बॅटरी बघायची होती. तिथं आता त्या तोफेची प्रतिकृती ठेवलीय. शेजारी एक टूर ग्रुप उभा होता आणि त्यांच्या गाईडने नेमका हाच किस्सा सांगितला, हेच हसणं. बाबांना इंग्रजी बेताचं, काय म्हणाला ते मी सांगितलं. ते तोफेकडे बघत राहिले आणि एवढंच विचारलं, "गोळा कुठला दिला होता त्यांना?"

बास. सगळं त्या एका प्रश्नात आहे. जो माणूस आयुष्यभर तोफेवर राबला तो दिशा विचारत नाही, गोळा विचारतो. या तोफांना दिले होते मुख्यतः चिलखत फोडणारे गोळे, आर्मर पिअर्सिंग. 15 इंचीचा एकेक गोळा जवळपास 880 किलोचा, नाकाकडे जाड कडक पोलाद, आणि फ्यूज असा की आधी युद्धनौकेचा पत्रा फोडून आत जायचं आणि मग फुटायचं. हा गोळा ओल्या मातीत पडला तर काय होणार, खोल घुसणार आणि खालच्या खाली फुटणार, जरा बाजूला चाललेल्या पायदळाला त्याचा काय त्रास? पायदळावर मारायचे स्फोटक गोळे 9.2 इंचीला थोडेसे, 15 इंचीला तर नव्हतेच. वर विमान नाही, पुढे निरीक्षक नाही, गोळा कुठं पडला हे सांगायला कुणी नाही. समुद्रातलं जहाज दुर्बिणीतून दिसतं हो, रबराच्या मळ्यातला सैनिक कसा दिसणार? बाबांना हे सगळं मी वाचून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग गनरचा काय दोष.

आणि हल्ला उत्तरेकडून येईल हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. 1937 मध्ये तिथले जनरल डॉबी आणि त्यांचे स्टाफ ऑफिसर पर्सिव्हल यांनी हेच लिहून दिलं होतं, की जपानी वर मलायात (आजच्या मलेशियात) उतरतील आणि खाली येतील. तेच पर्सिव्हल सेनापती म्हणून 15 फेब्रुवारी 1942 ला शरणागतीच्या कागदावर सही करत होते! मधल्या काळात सिंगापूरच्याच सेंबावांगच्या नाविक तळावर करोडो पाउंड ओतले, पण तळावर यायचं ते आरमारच आलं नाही. जी दोन मोठी जहाजं पाठवली, प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स, ती 10 डिसेंबर 1941 ला विमानांनी बुडवली. हे सगळं लंडनमधल्या टेबलांवर ठरलं आणि हसं झालं तोफेवर उभ्या असलेल्या पोरांचं.

बरं, ही पोरं होती कोण? सगळे गोरे नव्हते. यातल्या काही तोफांवर हाँगकाँग सिंगापूर रॉयल आर्टिलरीचे गनर होते, म्हणजे पंजाबातले शीख आणि मुसलमान. 1857 नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात पहाडी तोफखाना सोडला तर आपल्या लोकांच्या हातात तोफ ठेवली नाही, 1935 मध्ये बंगलोरला पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहिली तोवर. घरात विश्वास नाही, पण परक्या समुद्रावर पहारा द्यायला मात्र चालतात! बाबांना हे आधीपासून माहीत होतं. मला नव्हतं, शाळेत कुणी शिकवलंय?

सगळे शांतपणे सोसत होते असंही नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडवर 6 इंची एक तोफ होती, तिथल्या याच दलाच्या शिपायांनी मार्च 1942 मध्ये उठाव करून 5 गोऱ्यांना मारलं. 31 मार्चला जपानी आरामात उतरले. मी त्यांना हिरो म्हणत नाहीये, झोपलेल्या माणसांना मारण्यात काही शौर्य नाही. पण मालक पळतोय हे दिसत असताना त्या शिपायांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करायला पाहिजे की नको?

सिंगापूर पडल्यावर 17 फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी कैद्यांना गोऱ्यांपासून वेगळं काढलं. काहीजण पुढे आझाद हिंद सेनेत गेले, काही नाही गेले, आणि कैदेत कितीतरी मेले. गोऱ्या गनरांचंही चांगलं झालं नाही, रागाच्या भरात ते विसरायला नको. ऑक्टोबर 1942 मध्ये 600 ब्रिटिश गनर जपान्यांनी जहाजाने न्यू गिनीजवळच्या रबाउलला नेले, त्यात या किनारी तोफांवरची माणसंही होती. त्यातल्या 517 जणांना पॅसिफिकमधल्या सॉलोमनच्या बल्लाले बेटावर धावपट्टी बांधायला नेलं. एकही परत आला नाही. रबाउलला मागे राहिलेल्यांतले 18 वाचले. 600 मधले 18! यांच्यावर स्लाइड करायचीय तर ही करा ना.

त्याच ट्रिपला बाबांना सिंगापूरमधल्याच क्रांजीच्या युद्धस्मारकावर नेलं होतं. ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही अशा 24,000 जणांची नावं आहेत तिथल्या भिंतींवर. बाबांनी त्या हाँगकाँग सिंगापूर तोफखान्याची नावं शोधून काढली आणि बोट लावून वाचत गेले, सिंग, खान, मुहम्मद, परत सिंग. ऊन प्रचंड होतं, मी म्हटलं बाबा चला, तर म्हणाले, थांब गं, एवढी ओळ होऊ दे. बाबा कधी रडत नाहीत, तेव्हाही रडले नाहीत, पण हॉटेलवर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आज ती रूम हसली तेव्हा मला ते बोट दिसत होतं.

माझ्या लिस्टमधले बरेचजण दिवाळीनंतर सिंगापूरला चाललेत, फोटो येतीलच. एक सकाळ काढा. जोहोर बॅटरीला तिकीट नाही, क्रांजीला एमआरटी (मेट्रो) स्टेशनवरून चालत जाता येतं. मुलांना न्या, पाण्याची बाटली घ्या, आणि नावं पार वरपर्यंत गेलीत, बारीक आहेत, म्हातारं माणूस बरोबर असेल तर चष्मा विसरू नका.