कार्डावर २५६, आत १६

परवा कट्ट्यावर एवढी जुंपली की चहावाले मामा कपडा खांद्यावर टाकून ऐकायलाच येऊन उभे राहिले. विषय मेमरी कार्ड. पम्याने ऑनलाइन २५६ जीबीचं मायक्रोएसडी मागवलेलं, मोबाईलमध्ये घातलं आणि वेल्ह्याकडे गावी जाऊन आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या, सगळ्या व्हिडिओवर, आजी थकलीय आता, परत एवढं बसून म्हणेल की नाही सांगता येत नाही. पुण्यात येऊन लॅपटॉपला लावलं तर सुरुवातीचे दोन-तीन तासांचे व्हिडिओ चालतात आणि पुढचे नुसते दिसतात. नाव आहे, तारीख आहे, साईजपण बरोबर आहे, क्लिक केलं की एरर.

बाळ्या लगेच सुरू झाला, "स्वस्तात घेतलं असणार तू, पाचशे रुपयात एक टीबी असल्या जाहिराती बघून." पम्या चिडला, आणि चिडायचा हक्कच होता त्याला. एक टीबीवाला बोगस माल ओळखायला डोकं लागत नाही, २०१९ ला पहिली एक टीबीची मायक्रोएसडी बाजारात आली तेव्हा एकेकाची किंमत साडेचारशे डॉलरच्या घरात होती, नंतर उतरली पण पाचशे रुपयांवर नाही आली. पम्याचं तसं नव्हतं. त्याने नावाजलेला ब्रँड बघितला, रेटिंग चारच्या वर, रिव्ह्यू हजारोंनी, आणि किंमत बाकीच्यांपेक्षा दोन-अडीचशेने कमी, म्हणजे सेलमध्ये असते तेवढीच. फसवणारा हल्ली एवढीच किंमत ठेवतो, शंका येणार नाही इतपत.

"मग हजारो लोकांनी चार स्टार कसे दिले?" हा बाळ्याचा पुढचा प्रश्न. स्नेहाने याचं फार नीट उत्तर दिलं. लोक रिव्ह्यू कधी लिहितात, तर पार्सल आलं त्या दिवशी किंवा फार तर आठवड्याने. डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग मस्त, मोबाईलने कार्ड ओळखलं, पाच स्टार. आतली खरी चिप १६ जीबीची असेल तर पहिले १६ जीबी सगळं सुरळीत चालतं, आणि साध्या फोटो-गाण्यांनी तेवढं भरायला कित्येकांना महिने लागतात. तोपर्यंत रिप्लेसमेंटची मुदत गेलेली, रिव्ह्यू कोण बदलायला जातो. शिवाय काही विक्रेते जुन्या भलत्याच वस्तूच्या लिस्टिंगवर, म्हणजे वेबसाईटवरच्या पानावर, नवीन माल चढवतात, खाली जाऊन वाचलं तर रिव्ह्यू मोबाईल कव्हरचे निघतात. आकडा बघून खूश होऊ नका, एक-दोन स्टारवाले वाचा आणि त्यात "फाईल उघडत नाही", "फोटो गेले" असं काही आहे का ते शोधा.

काकांना मात्र कळेना की १६ जीबीची चिप मोबाईलला २५६ दिसते कशी. शिऱ्या रिपेअरिंगच्या दुकानात बसतो, त्याने सांगितलं. कार्डात मेमरी चिप असते तसा एक छोटा कंट्रोलर असतो, आणि मोबाईल बिचारा कंट्रोलरलाच विचारतो जागा किती. बनावट कार्डात त्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलून त्याला २५६ म्हणायला शिकवलेलं असतं. म्हणजे गोदाम छोटं, पण दारावरचा कारकून प्रत्येक पोतं घेऊन पावती देतोय आणि जागा संपली की मागच्या दाराने पोती फेकून देतोय. पावती म्हणजे फाईलचं नाव आणि साईज, ती शाबूत. काही कार्डं पुढचा डेटा असा टाकून देतात, काही परत पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे जुनं चांगलं होतं तेपण मरतं. पम्याचं कार्ड पहिल्या जातीचं निघालं म्हणून निदान सुरुवातीच्या ओव्या वाचल्या. बाकीच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळतील का असं त्याने दोनदा विचारलं. शिऱ्या हळूच बोलला, अरे जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले आपण तपकीर गल्लीतून, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून घ्यावं, दुकानदार समोर असतो, बिल देतो, पळून जात नाही. खरी भांडणं इथून पेटली. बाळ्याचं म्हणणं गल्लीतपण बोगस माल येतोच की, दुकानदारालासुद्धा होलसेलवाला फसवू शकतो. स्नेहाचं म्हणणं ऑनलाइनच घ्या पण 'सोल्ड बाय'च्या पुढे कोणाचं नाव आहे ते बघा, कारण वेबसाईट फक्त बाजार भरवते, माल विकतो तिसराच. ब्रँडचं स्वतःचं अधिकृत स्टोअर असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. तिने अजून एक सांगितलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. काही नतद्रष्ट लोक अस्सल कार्ड मागवतात, बॉक्समध्ये नकली घालून परत पाठवतात, आणि गोदामात ते नीट न तपासता परत विक्रीला गेलं की पुढच्याच्या नशिबी येतं. तिथे विक्रेतापण प्रामाणिक आणि गिऱ्हाईकपण प्रामाणिक, तरी कार्ड बोगस.

"पॅकिंगवरून कळतं ना पण?" काका. थोडंफार कळतं. एसडीएचसी हा प्रकार ३२ जीबीपर्यंतच असतो, तेव्हा ६४ किंवा १२८ च्या कार्डावर एसडीएचसी छापलं असेल तर ते खोटं. एसडीएक्ससी दोन टीबीपर्यंतच, म्हणून चार टीबीचं एसडीएक्ससी कोणी विकत असेल तर तेपण खोटंच. स्पेलिंगच्या चुका, फिकट छपाई, पाकिटावर एमआरपी नाही, इम्पोर्टरचं नाव-पत्ता नाही, हेसुद्धा बघायचं. पण छपाई हल्ली इतकी हुबेहूब करतात की नुसत्या नजरेवर विसंबायला नको. २०१० मध्ये बनी हुआंग नावाच्या अमेरिकन हार्डवेअर इंजिनियरला स्वतःच्या प्रॉडक्टसाठी घेतलेल्या ब्रँडेड कार्डांचा संशय आला, तर त्याने चीनमधल्या शेनझेनच्या बाजारातून वेगवेगळी कार्डं गोळा केली, कार्डाची ओळख सांगणारी आतली माहिती वाचली आणि वरचं प्लास्टिक ऍसिडने काढून चिप्स बघितल्या. एवढ्या तयार माणसाला जर हे करावं लागतं तर आपण होलोग्राम बघून काय ठरवणार.

म्हणून माझं तिथेपण हेच म्हणणं होतं आणि इथेपण तेच लिहितोय, दुकान असो की ऑनलाइन, कार्ड हातात आल्यावर ते पूर्ण भरून बघा. पूर्ण म्हणजे शेवटच्या जीबीपर्यंत. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, जर्मनीच्या एका कॉम्प्युटर मासिकाने काढलेलं, ते कार्डावर टेस्ट फाईली लिहीत जातं आणि नंतर वाचून ताडून बघतं की जे लिहिलं तेच परत येतंय का. लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री आहे, तेच काम. कार्ड रिकामं असताना करायचं. फॉरमॅट मारून "१०० टक्के ओके" समजू नका, नेहमीच्या क्विक फॉरमॅटमध्ये जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही.

बाळ्या बोल्ला एवढा वेळ कोणाकडे आहे. हिशोब केला. १२८ जीबी, वीस एमबी दर सेकंदाला असं धरलं तर लिहायला पावणेदोन-दोन तास, मग वाचायला वेगळा वेळ. कार्ड रीडर जुना असेल तर अजून जास्त. रात्री लावून झोपलं की झालं, तिथे बसून थोडंच राहायचंय. फक्त हे पार्सल आल्या आल्या करायचं, रिप्लेसमेंटची मुदत सुरू असताना, आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ घेऊन ठेवायचा.

मधेच काकांनी स्वतःच्या कार्डाची तक्रार काढली, १२८ लिहिलंय आणि कॉम्प्युटर ११९ दाखवतो, मलापण फसवलं. नाही काका, ते बरोबर आहे. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून फरक दिसतो. ११९ दिसणं हा गुन्हा नाही, तसंच १२८ किंवा ११९ दिसणं हा कार्ड अस्सल असल्याचा पुरावापण नाही.

शेवटचा वाद तक्रारीवरून. पम्याची मुदत उलटून गेलेली, विक्रेता उत्तर देत नाही, आणि बाळ्या म्हणतो सोड ना, हजार-बाराशे रुपयांसाठी कोण कोर्टात जातं. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही. कोर्टात लगेच जावं लागतंच असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाईटला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासात तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. त्याने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, आणि त्याहीपुढे आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीपण नाही. पाकिटावर इम्पोर्टरचा पत्ता नसेल तर वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरची माहिती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, वेगळी तक्रार होते. पैसे परत आले नाहीत तरी त्या विक्रेत्याच्या नावावर नोंद तर होईल, नाहीतर तो उद्या त्याच चार स्टारवर दुसऱ्या कोणाच्या घरची आजी पुसून टाकणार.

पम्याने तिथेच बसून लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढले, ऑर्डर नंबर, विक्रेत्याचं नाव, पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो. शिऱ्या कार्ड दुकानात घेऊन गेला, टेस्ट लावली, रिपोर्टमध्ये जेमतेम १६ जीबी चांगले आणि बाकी सगळं गेलेलं, तो रिपोर्टपण तक्रारीला जोडला. अधिकाऱ्याची पोच आलीय, उत्तर अजून नाही. पम्या दिवाळीला परत गावी जाणार आहे, यावेळी ६४ चं कार्ड, आधी भरून तपासलेलं, आणि रोज रात्री लॅपटॉपवर कॉपी. जायच्या आधी कोणाला त्या ओव्यांपैकी काही लिहून घ्यायला जमत असेल तर त्याच्याबरोबर जा, त्याने विचारलंय.