‘सहा महिन्यांत मोराला कीड लागली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुमच्या कृषी पर्यटन केंद्रातल्या आम्ही बनवलेल्या पळाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) मोराच्या शिल्पाला एकच स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की बांबूला कीड लागली, मोर कलला, वॉर्निशचा एक हातसुद्धा मारला नाही आणि पळाटीवरची बोंडं काढून तो बोडका केला. तुम्ही टाकलेले फोटो मोठे करून पाहिले.

पिसाऱ्यातले डोळे म्हणजे बांबूच्या नळ्या आहेत. आतून ३ ते १० मिलिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल, मागून पेराने बंद. एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आणि कुंभारमाश्यांसाठीच त्या बसवल्यात. फोटोत काहींची तोंडं मातीने लिंपलेली दिसतात, काहींची पानाच्या तुकड्यांनी. आत अंडी आणि अळ्यांची शिदोरी आहे. काडीने कोरू नका, फवारणी तर नकोच. इथे पोळं नाही, त्यामुळे मोहोळ उठायची भीती पाहुण्यांना सांगू नका.

मानेवरचं बोटाएवढं गोल भोक काळ्या भुंग्याचं आहे. खालचा भुसा जाडसर आहे, त्यावरून कळतं. घुण म्हणजे बांबू पोखरणारा बारीक किडा; त्याचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि त्यातून मैद्यासारखी पूड गळते. शंका असेल तर रात्री खाली काळा कागद अंथरा, सकाळी पूड दिसेल. घुण बांबूतल्या पिष्टावर जगतो, म्हणून सांगाड्याचा बांबू आम्ही १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात भिजवतो. नळ्यांना हे लावत नाही. ज्याने घुण मरतो त्याने माशीची अळीही मरेल. म्हणून नळ्या टिकाऊ नाहीत, दोन वर्षांनी रिकाम्या झालेल्या बदलायच्या असतात.

वॉर्निश मुद्दाम टाळलं. आपल्याकडच्या उन्हात ते तडकतं, पावसाचं पाणी त्या फटींतून आत शिरतं आणि अडकून बसतं. सांगाड्याच्या उघड्या भागाला वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जवसाचं तेल पुरे. बोरॅक्स पावसात धुपतं, त्यामुळे हा हात चुकवू नका.

आता कलण्याचं. पाय बाभळीचे आहेत आणि वाळवीसाठी दगडी जोत्यावर ठेवलेत, मातीला लाकूड टेकत नाही. जोत्याखाली अडीच फूट खोदून मुरूम थराथराने कुटून भरलाय. फोटोत मात्र डाव्या पायालगत लॉनचा स्प्रिंकलर दिसतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. एकच बाजू रोज भिजली तर कोणतंही जोतं उचललं जाणारच. काम सोपवताना दिलेल्या कागदावर सहा फुटांच्या आत पाणी नको, असं लिहिलंय. स्प्रिंकलर हलवा, माती पूर्ण वाळू द्या, मग आम्ही येऊन पाचर मारून पाय सरळ करतो. त्याआधी दोर लावून ओढू नका, पायाचा सांधा फाटेल.

बोंडांचं म्हणाल तर दिसायला कापूस छान दिसला असता, मान्य. पण कवड्यांत, म्हणजे न उमलता वाळलेल्या बोंडांत, गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कपाशीवर जाते. तुमच्या कुंपणापलीकडे कपाशीच आहे.

पाय सरळ करण्याचे पैसे लागणार नाहीत. नळ्यांचे लागतील.